दीर्घकालीन दुखणे, ओपिऑइड आणि ‘आभासी व्यसन’ : पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात ओपिऑइड (अफूच्या वर्गातील, मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके) दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या अवघ्या ४ जणांना ते जडल्याची त्यात नोंद होती. वर्षानुवर्षे कंबरदुखी सोसणाऱ्यांविषयी ते पत्र नव्हतेच, तरीही पुढे त्याचाच दाखला देत ही औषधे निर्धोक मानली गेली.

अधिक गुंता केला तो १९८९ मधल्या एका शब्दाने. रक्ताचा कर्करोग झालेला १७ वर्षांचा मुलगा वेदनाशामक पुन्हा पुन्हा मागत असे आणि त्याची मात्रा अपुरी पडत होती. त्याच्या वर्तनाला दोघा डॉक्टरांनी ‘आभासी व्यसन’ म्हटले : दिसायला व्यसन, मुळात मात्र वेदनेवर पुरेसा उपचार न झाल्याचे लक्षण. त्या मुलापुरते हे न्याय्य होते, आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यामागची कळकळ आजही मोलाची आहे. पण १९९६ मध्ये दीर्घकाळ परिणाम टिकणारी नवी गोळी बाजारात आल्यानंतर प्रचारसाहित्यातून हा शब्द कर्करोगाबाहेरच्या दुखण्यांनाही लावला गेला, आणि त्यावरचा उपाय ठरला मात्रा वाढवणे. २०१५ मधल्या एका आढाव्यात या शब्दाची चर्चा करणारे २२४ लेख सापडले. त्यांपैकी एकानेही ही कल्पना प्रत्यक्ष तपासून सिद्ध केलेली नव्हती. त्याहून मोठे नुकसान असे, की गोळ्या मुदतीआधी संपवणारा रुग्ण एक तर वेदनेने गांजलेला किंवा व्यसनी, असे दोनच कप्पे उरले. भीती, नैराश्य किंवा लहानपणचा आघात विसरण्यासाठी तो गोळी घेत असेल का, हे कोणी विचारीनासे झाले.

वास्तविक विचारण्याचे साधन १९९५ पासून हाताशी होते. १३ विधानांच्या एका प्रश्नावलीत, दुखणे कधी संपेल की नाही याची सतत काळजी वाटते, अशा आशयाच्या वाक्यांपुढे रुग्ण ० ते ४ गुण देतो. ही धास्ती आणि गैरवापर यांचा संबंध पुढे अनेक अभ्यासांत आढळला. औषधांच्या चाचण्यांतून मात्र नैराश्य वा व्यसनाचा पूर्वेतिहास असलेले रुग्ण बहुधा वगळले जात, आणि प्रत्यक्ष उपचारांत मोठ्या मात्रा अशांच्याच वाट्याला अधिक येत.

२०१६ मध्ये अमेरिकेत दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तुल्य किंवा त्याहून अधिक मात्रा शक्यतो टाळावी, अशी शिफारस झाली. अनेक ठिकाणी तिचा नियमच करून जुन्या रुग्णांच्या गोळ्या एकाएकी तोडण्यात आल्या. असे केल्याने असह्य वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्याही घडतात, असा इशारा औषध नियामकाला २०१९ मध्ये द्यावा लागला. २०२२ च्या सुधारित शिफारशींतून ९० चा आकडा वगळण्यात आला.