वाकण्याआधी विचार, वाकल्यावर नजर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या स्नूकर पार्लरमध्ये शनिवारची छोटी स्पर्धा होती. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, टेबलावर पाडायचा फक्त ब्लॅक, काळा बॉल, उरलेला. तो आपल्या जागेवर, ज्याने मारायचं तो व्हाईट त्याच्यापासून दीड हातावर, रेषा जवळजवळ सरळ. असा ब्लॅक मी सरावात इतक्यांदा पाडलाय की मोजदाद नाही. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चॉक लावला, वाकलो, आणि वाकल्यावर मनात आलं, ‘कोपर हलू देऊ नकोस.’ ब्लॅक पॉकेटच्या जबड्याला थडकून बाहेर आला.

आमचे मार्कर काका गेली कित्येक वर्षं त्याच कोपऱ्यात उभे राहून स्कोअर मांडतात. ते एवढंच म्हणाले, “वाकल्यावर बोलायचं नाही. स्वतःशीसुद्धा नाही.” त्या रात्री घरी जाताना मला चुकलेल्या ब्लॅकपेक्षा हे वाक्यच जास्त छळत होतं. कोपर स्थिर ठेवणं योग्यच आहे, कुठलाही प्रशिक्षक तेच सांगेल. मग योग्य गोष्ट आठवल्याने हात का बिघडावा?

आधी हा खेळ माणसाकडून काय मागतो, त्याचा हिशेब करू. स्नूकरचं टेबल सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद, बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर. समजा व्हाईट आणि रेड यांच्या मध्यबिंदूंत दीड मीटर अंतर आहे आणि रेडपासून पॉकेट आणखी दीड मीटरवर, सगळं एका रेषेत. क्यूची दिशा एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकली तर रेडपर्यंत पोचेस्तोवर व्हाईट साधारण २.६ मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. हे अडीच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण गोल बॉलवर गोल बॉल आदळतो तेव्हा चूक गुणली जाते. रेड जवळजवळ ३ अंशांनी वाकडा निघतो आणि पॉकेटपाशी पोचताना ७५ मिलिमीटर लांबून जातो. पॉकेटचं तोंड असतं साधारण साडेतीन इंचांचं. त्यातून बॉलची रुंदी वजा केली की दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते जेमतेम १८ मिलिमीटर. उलटा हिशेब केला तर या शॉटला परवडणारी चूक येते अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढी. म्हणजे पुढचा हात टेबलावर पक्का असला तरी क्यू धरलेली मागची मूठ अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली की खेळ संपला.

अर्धा मिलिमीटर. श्वास घेताना छाती याहून कितीतरी जास्त हलते.

आता यात भीती मिसळा. प्रसंग महत्त्वाचा आहे असं मेंदूने ठरवलं की ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय जोरात धडधडतं, स्नायूंना पळण्याची नाहीतर भिडण्याची तयारी करायला सांगितलं जातं. माणसाच्या हातात एरवीही एक सूक्ष्म कंप असतोच, तो ॲड्रेनालिनमुळे वाढतो. धावणाऱ्याला, कुस्तीगिराला या तयारीचा उपयोग होतो. स्नूकरपटूला पळायचं नसतं, कुणाला पाडायचं नसतं. शरीराने पाठवलेली ही सगळी रसद त्याच्या कामाची नसते. १९८० च्या दशकात हाताला कंप असलेला कॅनडाचा बिल वर्बेनियक हा खेळाडू प्रोप्रॅनोलॉल घेत असे. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना दिलं जाणारं हे ‘बीटा ब्लॉकर’ गटातलं औषध ॲड्रेनालिन ज्या दारांतून काम करतं त्यांतली ‘बीटा’ नावाची दारंच बंद करतं, त्यामुळे धडधड आणि कंप दोन्ही कमी होतात. पुढे या औषधांवर बंदी आली. आजही स्पर्धेच्या काळात ती निषिद्ध असलेल्या मोजक्या खेळांत नेमबाजी, तिरंदाजी यांच्या जोडीला बिलियर्ड्स-स्नूकर आहे.

पण कंप हे अर्धंच उत्तर झालं. माझा हात त्या ब्लॅकवर थरथरत नव्हता. बिघडलं ते दुसरंच काहीतरी.

१९९२ मध्ये रिच मास्टर्स या संशोधकाने गोल्फमध्ये नवख्या असलेल्या लोकांना पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात पाडणं, शिकवलं. एका गटाला तंत्राच्या लेखी सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला सूचना तर नाहीच, उलट सराव करताना तोंडाने इंग्रजी मुळाक्षरं वेडीवाकडी म्हणत राहायला सांगितलं, म्हणजे मनाला तंत्राचा विचार करायला फुरसतच मिळू नये. नंतर पैशाचं आणि परीक्षकाचं दडपण आणलं. सूचनांवर शिकलेले अडखळले, अक्षरं बडबडत शिकलेले सुधारत राहिले. त्यानंतर सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या गोल्फपटूंना स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा खेळ खालावला. नवख्यांना मात्र तेच लक्ष फायद्याचं ठरलं.

सायकल शिकवताना आपण हँडल कसं धरायचं ते सांगतो. सायकल यायला लागल्यावर कुणी मध्येच विचारावं, ‘तू तोल कसा सांभाळतोस?’ आणि आपण त्याचा विचार करत वळण घ्यावं, तसंच हे. हजारो शॉट मारून हात जे शिकलेला असतो ते मेंदूच्या न बोलणाऱ्या भागात साठलेलं असतं. दडपणाखाली बोलणारा भाग घाबरून मदतीला धावतो, एकसंध हालचालीचे तुकडे करतो आणि एकेक तपासायला लागतो. त्यात वेळ जुळत नाही. स्टीवन हेंड्री १९९० ते १९९९ या काळात ७ वेळा विश्वविजेता झाला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात मात्र क्यू बॉलमधून आरपार, विश्वासाने जाईना, हात ऐनवेळी आखडायचा. त्याने हे पुढे उघडपणे सांगितलं. त्याच्या मनाला कुणी दुबळं म्हणणार नाही. म्हणूनच ‘मनोबल’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. दात-ओठ खाऊन निर्धार करण्याने ही गाठ सुटत नाही, बऱ्याचदा आणखी घट्ट होते.

मग वाकल्यावर करायचं काय? बघायचं.

कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकात खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि एक साधी गोष्ट हाती लागली. निष्णात खेळाडूची नजर हालचाल सुरू होण्याच्या आधी लक्ष्यावर एका ठिकाणी स्थिरावते आणि थोडा जास्त वेळ तिथेच थांबते. नवख्याची नजर भिरभिरत राहते. याला त्यांनी नाव दिलं ते मराठीत ‘शांत नजर’ असं म्हणता येईल. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर तपासलं गेलं. कुशल खेळाडूंची शांत नजर लांब होती, शॉट अवघड झाला की ती आणखी लांबत होती. आणि वेळेची घाई लावली की ती आखूड झाली आणि नेम चुकू लागला.

डोळा चांगला असणं म्हणजे हे नव्हे. १९९४ साली ॲबरनेथी आणि सहकाऱ्यांनी स्नूकरपटूंचे डोळे नेत्रतपासणीच्या नेहमीच्या चाचण्यांनी तपासले. दृष्टीची तीक्ष्णता, रंग, खोलीचा अंदाज, कशातच तज्ज्ञ आणि नवखे यांच्यात फरक नव्हता. फरक होता तो टेबलावरची खरी मांडणी क्षणभर दाखवून लपवल्यावर ती आठवण्यात. तज्ज्ञाला २२ बॉल सुटे दिसतच नाहीत, वाट दिसते. आमच्याकडे ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने एक अकरावीतला मुलगा खेळायला येतो. सात-आठ रेड कसेही पसरलेले असले तरी तो टेबलाभोवती अर्धी फेरी मारून सांगतो, “दादा, पिंकच्या बाजूने जावं लागेल, ब्लॅक अडकलाय.” त्याच्या डोळ्यांना चष्मा आहे, आणि नंबरही बराच.

आता शैलीकडे येतो, कारण कट्ट्यावरचे सगळे वाद शैलीवरूनच होतात. २००५ च्या विश्वस्पर्धेत, शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये, रॉनी ओ’सलिव्हन पीटर एबडनविरुद्ध ८-२ फ्रेमनी पुढे होता. ओ’सलिव्हन म्हणजे १९९७ मध्ये १४७ चा संपूर्ण ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत न चुकता मिळवलेले गुण, ५ मिनिटं ८ सेकंदांत पूर्ण करणारा माणूस. ३६ पॉट (पॉकेटमध्ये पाडलेले बॉल), म्हणजे एका पॉटला सरासरी साडेआठ सेकंद, त्यात टेबलाभोवती चालणंही आलं. एबडनने त्या सामन्यात अवघ्या १२ गुणांच्या एका ब्रेकला त्याहून जास्त वेळ लावला. ओ’सलिव्हन खुर्चीत बसून कासावीस झाला आणि १३-११ असा हरला.

या सामन्यावरून एबडनवर टीका झाली, आजही होते. मला ती पूर्ण मान्य नाही. बायलॉक यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की गोल्फमधल्या मुरलेल्या खेळाडूंना ‘लवकर मारा’ सांगितलं तर ते अधिक अचूक मारतात, आणि नवख्यांचं उलट होतं. इकडे बिलियर्ड्सचा अभ्यास सांगतो की घाईने नेम बिघडतो. दोन्ही निष्कर्ष एकमेकांवर आपटतात असं प्रथम मलाही वाटलं. मग मी पार्लरमध्ये आणि मोठ्या सामन्यांच्या चित्रणांत एकच गोष्ट बघायला लागलो. खेळाडू उभा असतानाचा वेळ वेगळा धरायचा, वाकल्यानंतरचा वेगळा. चांगले खेळाडू जलद असोत की संथ, वाकल्यानंतरची त्यांची लय फारशी बदलत नाही. तेवढेच सराव-झोके, तोच थांबा, तीच नजर. जो काही फरक दिसतो तो उभं असतानाच्या वेळेत. ओ’सलिव्हनचा निर्णय दोन पावलांत होतो, एबडनला सगळ्या बाजूंनी खात्री करून घ्यावी लागते. शंका वाकण्याआधी संपवायची, हा दोघांचाही हेतू एकच. हे माझं निरीक्षण आहे, प्रयोगशाळेतलं नाही, पण वरच्या दोन अभ्यासांची सांगड मला अशीच लागते. विचार करणाऱ्या हाताला घाईने गप्प बसवता येतं, पण तीच घाई नजरेवर आली तर नेम जातो.

म्हणून कुणाची शैली उसनी घेणं धोक्याचं. आपल्याकडची मुलं ओ’सलिव्हनचं बघून झपाझप वाकतात. निर्णय झालेला नसतो, तो वाकल्यावर होतो, मधल्या सराव-झोक्यांत बदलतो, आणि शॉट दोन निर्णयांच्या मध्ये कुठेतरी जातो. अशा वेळी उभं राहणं, पुन्हा चॉक लावणं यात कमीपणा वाटू नये. मार्क सेल्बी ४ वेळा विश्वविजेता झाला तो सेफ्टीच्या, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवण्याच्या, चिवट खेळावर, फ्रेम लांबवण्याची त्याला कधी लाज वाटली नाही. त्याच सेल्बीने २०२२ मध्ये आपल्याला नैराश्याने ग्रासल्याचं जाहीर सांगितलं. टेबलावर न डगमगणारा माणूस आतून बरा असतोच असं नाही, आणि त्याने ते बोलून दाखवलं याचं मला फार मोल वाटतं. ओ’सलिव्हननेही २०११ पासून स्टीव पीटर्स या मनोविकारतज्ज्ञांची मदत घेतली आणि २०१२, २०१३ ही दोन्ही वर्षं विश्वविजेतेपद जिंकलं.

राहता राहिली खुर्ची, स्नूकरची सगळ्यात क्रूर गोष्ट. टेनिसमध्ये समोरच्याचा चेंडू निदान परतवता तरी येतो. इथे समोरचा ब्रेकवर असेपर्यंत आपण फक्त बसायचं. हात थंड पडतो, ॲड्रेनालिन मात्र वापराविना साचत राहतं, आणि बोलणाऱ्या मनाला हवा तेवढा रिकामा वेळ मिळतो. १९८५ च्या विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीव डेव्हिस ८-० ने पुढे होता, तरी सामना १७-१७ वर आणि शेवटच्या ब्लॅकवर आला. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक मध्यरात्र उलटून गेली तरी टीव्हीसमोर होते. डेव्हिसने ब्लॅक जरा जास्तच पातळ कापला, आणि डेनिस टेलरने तो पाडला. १९९४ ला पुन्हा १७-१७. जिमी व्हाईट निर्णायक फ्रेममध्ये ३७-२४ ने पुढे असताना जागेवरचा ब्लॅक चुकला आणि खुर्चीत जाऊन बसला. हेंड्रीने तिथून फ्रेम संपवली. जिमीचा तो विश्वस्पर्धेतला सहावा अंतिम सामना होता आणि सहाही त्याने गमावले होते. त्या खुर्चीतला त्याचा चेहरा मी कित्येकदा पाहिलाय, आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

उलट २०२३ मध्ये लुका ब्रेसेल उपांत्य सामन्यात ५-१४ असा मागे होता. तिथून त्याने सलग ११ फ्रेम घेतल्या, १७-१५ ने जिंकला आणि पुढे विश्वविजेताही झाला. गमावण्यासारखं फारसं उरलं नाही की बोलणारं मन आपोआप थकून गप्प होतं, असं त्या फ्रेम बघताना वाटतं.

आमच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलेली मुलं फोन काढतात. मान खाली, नजर हाताएवढ्या अंतरावर, बोटं सारखी चाळवलेली. त्यांचा टर्न येतो तेव्हा डोळ्यांना एकदम १२ फुटांवर जावं लागतं, आणि पावसात दमट झालेल्या कापडावर बॉल आज किती आखूड थांबतोय हेही त्यांनी बघितलेलं नसतं. व्यावसायिक टेबलांना कापड कोरडं राहावं म्हणून खालून ऊब दिलेली असते, आपल्याकडे जुलैत हिरव्या कापडावर हात फिरवला तरी ओल कळते. मार्कर काकांनी आता एक पद्धत पाडली आहे. फ्रेम सुरू झाली की फोन क्यूच्या पेटीत, आणि समोरच्याचा व्हाईट कुठे थांबणार ते त्याने शॉट मारायच्या आधी मनात ठरवायचं. ऐरोलीच्या मुलाला हे आवडलं. परवा तो खुर्चीत बसल्या बसल्या माझा प्रत्येक शॉट डोळ्यांनी खेळत होता. मी ब्ल्यू चुकलो. तो उठला, टेबलाभोवती अर्धी फेरी मारली, वाकला, क्षणभर थांबला, आणि पुन्हा सरळ उभा राहून चॉक शोधायला लागला.