बांगडा टाको आणि अंगावर उठणारं पित्त

किनाऱ्यावरच्या फूड ट्रकवर हल्ली बांगडा टाको मिळतो. टाको म्हणजे मेक्सिकोतली मक्याची पोळी, सारण भरून दुमडलेली. इथे पोळीच्या जागी घावन, आत रवा लावून तळलेला बांगडा, कांदा, कैरीचा कीस आणि वरून किसलेलं चीज. चीज पडताना दिसलं की रांगेतलं एखादं वडीलधारं माणूस हटकतंच: "माशावर दूधदुभतं? पित्त उठेल, कोड फुटेल!"

कोडाचा निकाल चटकन लागतो. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर उठते. पोटात काय कशासोबत गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही. बंगालात दह्यातला मासा पिढ्यानपिढ्या खातात. पित्ताचं मात्र तसं झटकून टाकता येत नाही. असा टाको खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लालबुंद होणं, मानेवर गांधी उठणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं हे खरोखर घडू शकतं. नाव चीजचं निघतं, करणी बहुतेक वेळा बांगड्याची असते.

बांगडा, सुरमई, कुपा हे एकाच कुळातले सतत पोहणारे मासे. जोरात पोहताना स्नायूंत आम्ल साठतं. ते सावरायला त्यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि तेही मोकळं, प्रथिनांत न गुंफलेलं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जिवाणू मांसात शिरतात. त्यांतल्या काहींकडे हिस्टिडीन डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम असतं. ते हिस्टिडीनचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइडच्या रूपात तोडून टाकतं आणि मागे उरतं हिस्टामाइन. अॅलर्जीत आपल्याच पेशी जे सोडतात, तेच हे.

जिवाणूंना यातून काय मिळतं? या अभिक्रियेत एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो, म्हणजे पेशीतला आंबटपणा उतरतो. आम्लात तगून राहण्याची ही त्यांची युक्ती. त्यामुळे थोड्याशा आंबट वातावरणात हे एन्झाइम मंदावण्याऐवजी जोर धरतं. लिंबू किंवा आगळ लावलेला बांगडा दोन-तीन तास उघड्या काउंटरवर ठेवला तर तो मुरतो हे खरं. कशात मुरतो, एवढाच प्रश्न.

एकदा तयार झालेलं हिस्टामाइन जात नाही. तव्यावर जिवाणू मरतात, एन्झाइम मोडतं, हिस्टामाइन शाबूत राहतं. तेल १८० अंशांवर असलं तरी ओलसर गाभा १०० च्या पुढे जात नाही, आणि हा रेणू त्याहून जास्त उष्णता सोसतो. डीप फ्रीझरचाही उपयोग नाही. नाकावर भरवसा ठेवावा, तर हिस्टामाइनला माशाचा वास नसतो. कधीकधी जीभ चरचरते, पण मालवणी मसाल्यापुढे ते कुणाच्या लक्षात येणार!

निरोगी माणसाला एका जेवणात ५० मिलीग्रामपर्यंत हिस्टामाइनचा त्रास होत नाही, कारण आतड्यातलं डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम ते मोडून टाकतं. एका वेळी २५० ग्रॅम मासा धरला तर किलोला २०० मिलीग्राम ही मर्यादा येते. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध याच एन्झाइमला अडवतं, म्हणून ते घेणाऱ्यांनी असे मासे जपूनच खावेत.

म्हणजे सगळा खेळ मासा मेल्यापासूनच्या तासांचा. रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातला, बांगडा किनाऱ्यावर येतो तेव्हा तडफडत असतो. घड्याळ तिथून सुरू होतं. गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यात, तो ओढण्याआधी काही तास मरून पडलेला असू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा, की हवा किंवा पाणी २८.३ अंशांहून गरम असेल तर मासा मेल्यापासून ६ तासांत बर्फात गेला पाहिजे. मे महिन्यात आपला समुद्र त्याहून कोमटच असतो.

बर्फ किती? एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण १०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. हिशेबाने साधारण ३१५ ग्रॅम पुरावा. पण बर्फाच्या पेटीच्या भिंतींतून आणि दर ऑर्डरला उघडणाऱ्या झाकणातून उष्णता शिरत राहते, म्हणून किलोला किलो. लादीची ढेकळं नकोत, चुरा हवा. ढेकळांमध्ये हवा राहते आणि मासा जेमतेम टेकतो. खाली भोक ठेवून पाणी निघू द्यावं. पावसाळी बंदीत फ्रोझन माल येतो, तो रात्रभर फ्रिजमध्येच सोडवावा, बादलीतल्या पाण्यात नाही.

ट्रकवाल्याने मसाला लावलेले बांगडे फ्रिजमध्ये ठेवून एका वेळी चार-पाचच बाहेर काढावेत. रवा तळण्याच्या मिनिटभर आधी लावायचा. आधी लावला तर मिठाने सुटलेलं पाणी पिऊन तो तव्यावर सुटतो. तळलेला तुकडा थेट घावनात गुंडाळला की वाफ कोंडून कुरकुरीतपणा जातो. दोन मिनिटं जाळीवर ठेवला की भागतं.

पित्त उठलंच तर आमसुलाचं पाणी चोळतात. गार वाटतं, आणि चट्टे काही तासांत आपोआप उतरणारच असतात. श्रेय आमसुलाला जातं. डॉक्टर याला हिस्टामाइन अडवणारी गोळी देतात. श्वास लागला किंवा चक्कर आली तर मात्र थांबू नये, दवाखाना गाठावा. तोच माणूस पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा निवांत पचवत असेल, तर ती माशाची अॅलर्जी नव्हती.

वडीलधाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: महिनोन्महिने पिकवलेल्या चीजमध्येही याच पद्धतीने हिस्टामाइन तयार होतं. ट्रकवरचं मोझरेला तेवढं पिकवतच नाहीत.