प्लाझ्मा कटरची निवड

प्लाझ्मा कटर हे वीज वाहून नेणारा कोणताही धातू कापणारे यंत्र आहे. टॉर्चमधला (म्हणजे हातात धरायच्या कापणीच्या दांडीमधला) इलेक्ट्रोड आणि समोरचा पत्रा यांच्यात विजेची ज्योत पेटते, नोझलच्या बारीक भोकातून दाबाची हवा तिला आवळून बाहेर काढते आणि त्या हवेचाच प्लाझ्मा होतो. तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. धातू वितळतो आणि तोच झोत त्याचा रस खाली उडवून देतो. १९५० च्या दशकात टिग वेल्डिंगमधून (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने आणि निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेल्या जोडकामातून) ही पद्धत निघाली. गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये जळत जाते. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम तसे जळत नाहीत, म्हणून तिथे गॅस हात टेकतो.

सांगली-सातारा भागाला लोखंडकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर नांगराचा कारखाना आणला, त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. आज कुपवाड, मिरज, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींपासून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपर्यंत फॅब्रिकेशन चालते. उसाच्या ट्रॉलीचे फाळके आणि चॅसी, पलटी नांगर, गुऱ्हाळाच्या काहिलीचा तळ, दूध डेअरीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या अशी कामे असतात. कटर कोणता घ्यायचा हे या कामांवरून ठरते, जाहिरातीतल्या आकड्यावरून नाही.

त्या आकड्यात बहुधा गफलत असते. यंत्रावर लिहिलेली कमाल जाडी म्हणजे प्लेट कशीबशी तुटण्याची हद्द. त्या जाडीला कड ओबडधोबड येते आणि ग्राइंडर घेऊन बसावे लागते. स्वच्छ कापासाठी ढोबळमानाने ४० अँपिअरला १० ते १२ मि.मी. (म्हणजे जेमतेम चार सूत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि ६० अँपिअरला १६ ते २० मि.मी. धरावे. प्लेटच्या मधोमध भोक पाडून काप सुरू करायचा असेल तर ही क्षमता जवळपास निम्मी होते. ट्रॉली आणि टाक्यांच्या कामाला ४० अँपिअर पुरतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या जाड प्लेटसाठी मोठे यंत्र घेणे म्हणजे घरच्या चहाला काहिल चढवणे.

दुसरी गोष्ट ड्युटी सायकल, म्हणजे यंत्र न थांबता किती वेळ चालू शकते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काप, चार मिनिटे विश्रांती, आणि हे मोजमाप ४० अंश तापमानाला केलेले असते. एप्रिल-मे महिन्यात जतकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा याहून वर जातो, तेव्हा यंत्र आधीच दमते. गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना ती चार मिनिटे फार लांबतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. ४० अँपिअरची ज्योत सुमारे ९६ व्होल्टवर चालते, म्हणजे टॉर्चपाशीच जवळपास ४ किलोवॅट लागतात. यंत्रातली घट धरली की सिंगल फेजवर २५ अँपिअरच्या पुढे ओढ जाते. घरगुती १६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरत नाही. वर कॉम्प्रेसरचा भार वेगळा. त्याच लाइनवर शेजारची मोटर चालू झाली आणि व्होल्टेज पडले की ज्योत मध्येच तुटते. शक्य असेल तिथे थ्री फेज घ्यावा.

खरी मेख मात्र हवेत आहे. कटरला साधारण ५ बार दाबाची हवा अखंड लागते आणि ती कोरडी लागते. पाटण, जावळीकडे जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणीच साचते. टाकीखालचा कॉक रोज उघडायचा, टॉर्चच्या अलीकडे वॉटर सेपरेटर बसवायचा. तपासणीची रीत साधी आहे: कटर चालवण्यापूर्वी नुसती हवा सोडून नोझलसमोर टिश्यू पेपर धरायचा. त्यावर ओले ठिपके उमटले तर त्या दिवशी नोझल आणि इलेक्ट्रोड वाया जाणार. इलेक्ट्रोड तांब्याचा असतो, टोकाला हाफ्नियम या धातूचा बारीक ठिपका. वापराने तिथे खड्डा पडतो आणि तो दीड मि.मी.च्या आसपास गेला की बदलायचा. म्हणून किमतीची घासाघीस करण्याआधी नोझल-इलेक्ट्रोड गावातल्या दुकानात मिळतात का, हे विचारावे. स्वस्त यंत्राचे सुटे भाग मागवताना आठवडा गेला की बचत तिथेच संपते.

गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या मालासाठी पायलट आर्क, म्हणजे टॉर्चच्या आतच आधी पेटणारी छोटी ज्योत, असलेला टॉर्च हवा. पत्र्याला न टेकता ज्योत पेटते, जाळीही कापता येते. उच्च वारंवारतेने पेट घेणारे यंत्र सी.एन.सी. (संगणकाने चालणाऱ्या) टेबलाजवळ ठेवल्यास कंट्रोलर बिघडवू शकते. टॉर्च पुढे सरकताना सहसा उजवीकडची कड सरळ येते, डावीकडची थोडी तिरपी. म्हणून टाकाऊ तुकडा डावीकडे ठेवतात. काळा चष्मा लागतोच, आणि जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा कापताना निघणारा जस्ताचा धूर छातीत घेऊ नये.

२५ मि.मी.च्या पुढच्या लोखंडी प्लेटला अजून गॅसच स्वस्त पडतो. शिवाय भर हंगामात फडाच्या वाटेवर ट्रॉलीचा ॲक्सल मोडला तर तिथे ना वीज असते ना कॉम्प्रेसर. म्हणून कटर घेतल्यावरही इथले फॅब्रिकेटर गॅसचे बाटले सोडत नाहीत.