भरलेला दात पुन्हा किडत नाही का?

‘एकदा दात भरून घेतला की तो पुन्हा किडत नाही, आणि किडलाच तर दुखून कळतेच,’ असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. फिलिंगचे साहित्य किडत नाही, हे खरे. परंतु भोवतीचा दात नैसर्गिकच असतो, आणि दात व फिलिंग जिथे जुळतात त्या कडेवर, विशेषतः दोन दातांच्या मध्ये हिरडीलगत, जंतूंचा थर साचून त्यांच्या आम्लाने कीड पुन्हा सुरू होऊ शकते. दुखण्याची वाट पाहणे तर अधिकच फसवे, कारण सुरुवातीची कीड बहुधा दुखत नाही आणि रूट कॅनाल झालेल्या दातात नसच उरलेली नसते.

आरशात कडेला दिसणारी काळी रेघ मात्र पुरेसा पुरावा नव्हे. तो नुसता डागही असू शकतो आणि तेवढ्यावरून चांगले फिलिंग काढणे योग्य नाही. दंतवैद्य दात कोरडा करून कड तपासतात व गरजेनुसार एक्स-रे काढतात, ज्यात फिलिंगची पांढरी सावली काही कीड झाकू शकते, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्रच पाहाव्या लागतात. अन्न एकाच जागी वारंवार अडकत असेल किंवा फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा बारीक दोरा) तिथेच फाटत असेल, तर दात दाखवून घ्यावा. एरवी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून 2 वेळा दात घासणे, दातांमधल्या फटी रोज साफ करणे आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणे, हे भरलेल्या दातालाही तितकेच लागू आहे.