तिशीनंतर हात स्लो होतात म्हणून गेम जमत नाहीत? अर्धंच खरं आहे ते

"वय झालं रे, आता रिफ्लेक्स राहिले नाहीत" हे वाक्य तिशी ओलांडलेला प्रत्येक गेमर एकदा तरी टाकतोच. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. 2014 मध्ये कॅनडात स्टारक्राफ्ट 2 या वेगवान स्ट्रॅटेजी गेमच्या 3305 प्लेयर्सचा अभ्यास झाला, 16 ते 44 वयाचे, आणि त्यात दिसलं की वेग 24 च्या आसपासच उतरायला लागतो. म्हणजे तिशीची वाट बघायचीही गरज नाही! पण त्याच अभ्यासात हेही होतं की मोठी मंडळी शॉर्टकट वगैरे वापरून ती कसर भरून काढतात, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि जपानी प्रो गेमर डायगो उमेहारा, जन्म 1981, चाळिशीतही स्ट्रीट फायटर या फायटिंग गेमच्या स्पर्धेत खेळतोच आहे की.

मग संपतं काय तर वेळ. डार्क सोल्स या अवघड गेममध्ये पॉज नाही, बॉसचं, म्हणजे मोठ्या शत्रूचं, हेल्थ बोटभर उरलंय आणि तेवढ्यात बाळ उठलं की खेळ खल्लास, परत बॉनफायरपासून, म्हणजे मेल्यावर जिथून सुरू होतं त्या जागेपासून, चालत या. कॉलेजात असे चाळीस ट्राय एका रात्रीत व्हायचे, आता त्यालाच दोन आठवडे लागतात आणि मधल्या गॅपमध्ये हात शिकलेलं विसरतो.