सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य येतं का?

नैराश्याबद्दल जनजागृती करणारी कुठलीही पोस्ट उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन हजर असतं. ‘मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, तसं नैराश्यात सेरोटोनिन, मग औषध घ्यायला लाज कसली?’ हेतू चांगला आहे. ‘मनाने कमकुवत’, ‘कामाला लाव, सगळं विसरेल’ हे ऐकून विटलेल्या माणसाला त्या वाक्याचा आधार वाटतो. पण विज्ञान म्हणून ते टिकत नाही. आणि मला जास्त टोचतं ते हे, की कलंक पुसायला ते पुढे केलं गेलं आणि त्या कामातही तोकडंच पडलं.

कल्पना आली ती योगायोगातून. 1952च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं जात होतं. खाटेला खिळलेले रुग्ण तरतरीत झाले, जेवू लागले, गप्पा मारू लागले. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेझ या विकराला (एन्झाइमला) अडवतं. सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन यांसारख्या रसायनांचा फडशा पाडणारं विकर ते हेच. उलट सर्पगंधेतून मिळणारं रेसर्पिन याच रसायनांचे साठे रिकामे करतं, आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी होत्या. वाढलं की बरं, घटलं की वाईट! 1987 साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नैराश्याच्या गोळीला मान्यता मिळाली आणि पुढे जाहिरातींनी हा तर्क घरोघरी पोचवला.

2022 साली आधीच्या बऱ्याच संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याने मिळणारा पुरावा त्यात सापडला नाही. लगेच ‘गोळ्या निरुपयोगी’ असे मथळे झळकले. आढाव्यात ते तपासलेलंच नव्हतं! गोळ्यांचा उपयोग होतो का हे औषधचाचण्यांतून कळतं. 2018 साली 522 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा प्रौढांमध्ये सगळीच्या सगळी 21 औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली होती. फरक अफाट नव्हता, पण होता.

आता कलंकाकडे. अमेरिकेतल्या एका पाहणीत नैराश्याचं मूळ मेंदूत आहे असं मानणारे लोक 1996 मध्ये 54 टक्के होते, 2006 मध्ये 67 टक्के झाले. या काळात उपचारांना पाठिंबा वाढला. मात्र असा माणूस शेजारी किंवा सहकारी म्हणून नको, ही भावना कमी झाली नाही. जैविक कारण सांगितलं की रुग्णाला दोष देणं कमी होतं, पण ‘मेंदूच बिघडलाय म्हणजे हा काही सुधारायचा नाही’ हा समज वाढतो, असं इतर अभ्यासांतही दिसलं. प्रौढांच्या बाबतीत माहितीपत्रकांपेक्षा जास्त परिणाम झाला तो आजारातून सावरलेल्या माणसाशी समोरासमोर झालेल्या भेटीचा.

मग गोळी करते तरी काय? मला यातला सर्वांत आवडता भाग हाच आहे. फ्लुओक्सेटिनच्या जातीची औषधं काही तासांत आपलं काम सुरू करतात, पण बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती कमतरताच भरून काढायची असती, तर एवढा उशीर का?

सेरोटोनिन तयार करणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या देठात, राफे केंद्रकं नावाच्या पुंजक्यांमध्ये असतात. संख्येने त्या काही लाखच, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. धाग्याच्या टोकाशी सेरोटोनिन बाहेर पडतं, पुढच्या पेशीला निरोप देतं आणि मग एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेतं. गोळी या वाहकाला अडवते. पण हाच वाहक राफेतल्या मूळ पेशीच्या अंगावरही असतो, त्यामुळे तिथेही सेरोटोनिन साचतं. आणि तिथे 5-एचटी-1ए नावाचे रिसेप्टर (सेरोटोनिनचा निरोप टिपणारी प्रथिनं) बसलेले असतात, ते पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखे. पातळी चढली की ते पेशीला ‘बास’ म्हणतात आणि तिचे विद्युत संदेश मंदावतात. म्हणजे एकीकडे परतीची वाट अडवलेली आणि दुसरीकडे मूळ नळच बारीक झालेला. परिणामी टोकाशी सेरोटोनिन अपेक्षेइतकं वाढत नाही. गोळी रोज चालू राहिली की दोन-तीन आठवड्यांत हे रिसेप्टर बोथट होतात आणि पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने संदेश धाडू लागते. हे चित्र मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उभं राहिलंय. पिंडोलॉल या जुन्या औषधाने 5-एचटी-1ए आधीच बंद करून गुण लवकर येतो का, हेही रुग्णांवर करून पाहिलं गेलं. निकाल संमिश्र आले. त्यामुळे सगळा उशीर या रिसेप्टरांच्या माथी मारता येत नाही. चेतापेशींमधले सांधे नव्याने जुळणं, त्यासाठी लागणारं बीडीएनएफ हे प्रथिन, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागातले बदल, हे सगळं सावकाशीनेच होतं.

या मधल्या आठवड्यांत कुणी गंडा बांधतो, कुणी मांत्रिकाकडे नेतो, आणि बरं वाटलं की श्रेय गंड्याला! ‘सेरोटोनिन वाढवणारी फळं’ विकणारे व्हिडिओही त्याच माळेचे मणी. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.

पण गोळी सुरू केली की आतड्यातल्या या सेरोटोनिनमुळेच पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट बिघडतं. त्रास आधी आणि गुण नंतर, अशा उलट्या क्रमामुळे कितीतरी जण दहाव्या-बाराव्या दिवशी स्वतःच गोळी बंद करतात. काही महिने घेऊन एकदम सोडणाऱ्यांची गत वेगळी. त्यांना चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, लागली ना सवय!’ व्यसनात असते तशी हाव इथे नसते. बोथट झालेले रिसेप्टर पूर्वपदावर यायलाही वेळ लागतो. याच जातीचं पॅरोक्सेटिन शरीरातून झटपट निघून जातं, म्हणून ते सोडताना जास्त त्रास होतो. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून बनणारा पदार्थ कित्येक आठवडे रेंगाळतात, त्यामुळे तिथे तो बराच कमी असतो. डॉक्टर मात्रा एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने उतरवतात ती याचसाठी.