मोसमाची अखेर कोणासाठी निर्णायक? बेसबॉल आणि छोट्या नमुन्याचे गणित

१९९८ च्या सप्टेंबर महिन्यात शेन स्पेन्सर हे नाव न्यू यॉर्कमधील बेसबॉलप्रेमींच्या तोंडी झाले. अनेक वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम स्तरावरील स्पर्धांत, काढलेल्या या सव्वीस वर्षांच्या फलंदाजाने त्या एका महिन्यात यांकीज संघासाठी आठ होम रन (चेंडू मैदानाबाहेर धाडून थेट धाव मिळवणारे फटके) मारले. त्यांपैकी तीन होम रन तिन्ही बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यांवर, सहकारी उभे असताना मारलेले, म्हणजे एकाच फटक्यात चार धावा मिळवून देणारे होते. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर फलंदाजीच्या ६७ संधींत २५ हिट (सुखरूप बेस गाठून देणारे फटके), १० होम रन आणि ०.३७३ अशी सरासरी जमा झाली होती. नवा तारा गवसला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात स्पेन्सर मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, एकूण सात मोसम खेळला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याची सरासरी ०.२६२ होती, तर होम रनची संख्या ५९ भरली होती. त्याची ही कारकीर्द सामान्य म्हणावी अशी झाली, मात्र सप्टेंबरने जे सुचवले होते त्याच्या जवळपासही ती गेली नाही.

अमेरिकेतील मेजर लीगचा मोसम सुमारे सहा महिने चालतो आणि प्रत्येक संघ त्यात १६२ सामने खेळतो. शेवटचा महिना जवळ आला की एक चर्चा दरवर्षी रंगते: मोसमाचा शेवट गोड करण्याची सर्वाधिक गरज कोणत्या खेळाडूंना आहे? या प्रश्नाला संख्याशास्त्रातून उत्तर देता येते, आणि ते उत्तर प्रसिद्ध खेळाडूंच्या नावांपेक्षा त्यांच्याविषयी आधीपासून किती माहिती हाताशी आहे यावर अवलंबून असते.

प्रथम सरासरीची कल्पना स्पष्ट करायला हवी. क्रिकेटमधील सरासरी धावांची असते, तर बेसबॉलमधील सरासरी म्हणजे अधिकृत संधींपैकी किती संधींत फलंदाजाने हिट मिळवली याचे गुणोत्तर. ०.२६० सरासरीचा खेळाडू शंभर संधींत साधारण २६ वेळा यशस्वी होतो. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला सप्टेंबरमध्ये सुमारे ९० संधी मिळतात असे धरू. ज्याचे खरे कौशल्य ०.२६० एवढेच आहे, त्याची ९० संधींतील सरासरी निव्वळ योगायोगाने किती हलू शकते, याचे गणित सोपे आहे: प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, सुमारे ०.०४६ येते. याचा अर्थ असा की दर तीन महिन्यांपैकी साधारण दोन महिने त्याची सरासरी ०.२१४ ते ०.३०६ या पट्ट्यात राहील, आणि एखाद्या महिन्यात ती याहीबाहेर जाईल. लीगमधील तीस संघांत मिळून अगदी सारख्या कौशल्याचे २७० नियमित फलंदाज आहेत अशी कल्पना केली, तर त्यांतील सात-आठ जण केवळ नशिबाच्या जोरावर त्या महिन्यात ०.३५० च्या पुढे जातील. वर्तमानपत्रांतील कौतुकाचे मथळे याच सात-आठ जणांच्या वाट्याला येतील. हाच हिशेब स्पेन्सरला लावला तर ०.२६२ कौशल्याच्या फलंदाजाला ६७ संधींत २५ किंवा अधिक हिट मिळण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढी निघते. इतक्या संधींत १० होम रन जमणे मात्र याहून कितीतरी दुर्मीळ आहे, आणि त्या महिन्याची आठवण टिकून राहिली ती मुख्यतः त्यामुळेच.

०.२५० आणि ०.३५० या दोन सरासरींमधील अंतर कागदावर प्रचंड दिसते. ९० संधींच्या महिन्यात ते अवघ्या नऊ हिटचे असते, म्हणजे साधारण तीन सामन्यांमागे एक. क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याच्या टोकाला चाटून गेलेला एखादा चेंडू, किंवा दोन खेळाडूंच्या मधोमध पडलेला एखादा कमजोर फटका, एवढ्यावर हे अंतर भरून निघते.

या प्रश्नाचा सर्वांत सुंदर अभ्यास बेसबॉलच्याच आकड्यांवर झालेला आहे. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक चकित करणारा निष्कर्ष मांडला: तीन किंवा अधिक राशींचा एकाच वेळी अंदाज बांधायचा असेल, तर प्रत्येकीचे स्वतंत्र निरीक्षण जसेच्या तसे स्वीकारण्यापेक्षा सर्व निरीक्षणे एका सामाईक मध्याकडे थोडी ओढून घेतली की एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या मोसमातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी घेऊन हा सिद्धांत तपासला आणि १९७७ मध्ये तो सामान्य वाचकांपुढे ठेवला. या अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५ होती. सर्वांत वर होता पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे, ४५ पैकी १८ हिट, म्हणजे ०.४००. तळाकडील खेळाडूंत होता यांकीजचा तरुण यष्टिरक्षक, बेसबॉलच्या भाषेत कॅचर, थर्मन मन्सन; त्याच्या ४५ संधींत केवळ ८ हिट, म्हणजे ०.१७८. स्टाइनच्या रीतीनुसार प्रत्येक खेळाडूचे मध्यापासूनचे अंतर सुमारे एकपंचमांश एवढेच शिल्लक ठेवायचे होते. त्यामुळे क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४ वर उतरला आणि मन्सनचा ०.२४७ वर चढला. उरलेल्या मोसमात क्लेमेंटेने ०.३४६ आणि मन्सनने चक्क ०.३१६ सरासरी राखली. अठरा जणांचा एकत्र हिशेब केला तेव्हा या पद्धतीतील चुकांच्या वर्गांची बेरीज कच्च्या सरासरीच्या तुलनेत एकतृतीयांशाहूनही कमी भरली.

मन्सनला त्या वर्षी अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. ०.१७८ पाहून संघाने त्याला खाली पाठवले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक संघ-व्यवस्थापकाने करण्यासारखा आहे. क्लेमेंटेच्या बाबतीत या पद्धतीला आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती: त्यापूर्वी चार वेळा त्याने लीगमधील सर्वोच्च सरासरीचा मान मिळवला होता. हा इतिहास गणितात धरला असता तर ०.२९४ हा अंदाज कोणीही बांधला नसता.

मूळ प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. ज्याने ३,००० संधींत ०.२७० सरासरी राखली आहे, त्याने सप्टेंबरच्या ९० संधींत ०.३५० सरासरी काढली तरी त्याची एकूण सरासरी ०.२७२ वर पोहोचते. दीर्घ करार झालेल्या, सात-आठ मोसम खेळलेल्या खेळाडूचा सप्टेंबर चांगला गेला काय किंवा वाईट गेला काय, त्याच्याविषयीच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. नवोदिताच्या पाठीशी असा साठा नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत प्रत्येक संधी अधिक वजनदार ठरते. तरीही हे वजन आपल्याला वाटते तेवढे नसते. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांनी केलेल्या विश्लेषणानुसार फलंदाजीच्या सरासरीत कौशल्य आणि योगायोग यांचा वाटा सम-समान व्हायला सुमारे ९१० संधी लागतात. लीगची सरासरी ०.२४५ धरली, तर ०.३५० चा महिना गाजवणाऱ्या अनोळखी खेळाडूविषयीचा आपला अंदाज जेमतेम ०.२५५ पर्यंत चढायला हवा. ज्यांना चांगल्या शेवटाची सर्वाधिक गरज असते, त्यांच्या हाती स्वतःला सिद्ध करायला सर्वांत कमी संधी असतात, आणि ही खरोखर क्रूर परिस्थिती आहे.

त्यांची सुटका दुसऱ्या आकड्यांमधून होऊ शकते. कार्लटन यांच्याच मोजणीत स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन वैध चेंडू हुकवून किंवा सोडून बाद होण्याचे, प्रमाण अवघ्या ६० खेळींत (फलंदाजीला उतरण्याची प्रत्येक वेळ ही एक खेळी) त्याच पातळीची विश्वासार्हता गाठते. लीगमध्ये सुमारे २२ टक्के खेळी स्ट्राइकआउटने संपतात. एखाद्या तरुणाने शंभर खेळींत हे प्रमाण १४ टक्क्यांवर आणले, तर त्या सुधारणेपैकी साठ टक्क्यांहून अधिक भाग खरा मानायला हरकत नाही. २०१५ पासून सर्व मैदानांवर बसवलेल्या स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेगही मोजला जातो. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा फटका जोरकस मानतात. असा फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला तरी त्यातील ताकद खोटी ठरत नाही. माझ्या मते सप्टेंबरमध्ये नवोदिताची सरासरी पाहण्याऐवजी हे दोन आकडे पाहिले पाहिजेत. समोर कोण गोलंदाजी करतो हेही ध्यानात घ्यायला हवे. २०१९ पर्यंत सप्टेंबरमध्ये संघ चाळीस खेळाडूंपर्यंत वाढवता येत असे आणि तुलनेने कच्चे पिचर, म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाज, भरपूर खेळत. २०२० पासून ही मर्यादा २८ वर आली आहे, त्यामुळे महिन्याचे आकडे थोडे अधिक प्रातिनिधिक झाले असावेत.

दुखापतीतून परतणाऱ्या पिचरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याविषयीचा प्रश्न कौशल्याचा नसून शरीराचा असतो, आणि चेंडूचा वेग प्रत्येक फेकीला थेट मोजला जात असल्यामुळे त्याचे उत्तर दोन-तीन सामन्यांतही मिळू शकते. २०२४ मधील ब्लेक स्नेलचे उदाहरण यासाठी बोलके आहे. आदल्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दुसऱ्यांदा मिळवूनही त्याचा करार लांबला. मार्चमध्ये, मोसम तोंडावर आलेला असताना, तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आला आणि पूर्वतयारीविना खेळताना जखमीही झाला. पहिल्या सहा सामन्यांत त्याने दर नऊ डावांमागे ९.५१ धावा दिल्या. जुलैपासूनच्या शेवटच्या चौदा सामन्यांत हाच आकडा १.२३ होता, आणि २ ऑगस्टला सिनसिनाटीत त्याने प्रतिस्पर्ध्यांना संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. मोसम संपल्यावर मिळालेल्या मुभेनुसार त्याने जायंट्सचा करार सोडला आणि लॉस एंजेलिस डॉजर्सशी पाच वर्षांचा १८.२ कोटी डॉलरचा करार केला. त्याचा इतिहास पाहता अपवाद होता तो पहिल्या सहा सामन्यांचा, आणि उत्तरार्धाने केवळ तो तंदुरुस्त असल्याची ग्वाही दिली.

काही खेळाडूंना तर कौशल्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर निव्वळ बेरजेसाठी चांगला शेवट हवा असतो. २८ सप्टेंबर १९४१ रोजी टेड विल्यम्सच्या ४४८ संधींत १७९ हिट होत्या, म्हणजे सरासरी ०.३९९५५, पूर्णांकित केली तर ०.४००. संघनायक-प्रशिक्षक जो क्रोनिन यांनी ही ०.४०० टिकावी म्हणून त्याला बाहेर बसण्याची मुभा देऊ केली होती. विल्यम्स फिलाडेल्फियातील दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मिळवल्या आणि ०.४०६ वर मोसम संपवला. तो किती चांगला फलंदाज आहे याविषयी त्या आठ संधींनी काहीच नवे सांगितले नाही, पण विक्रम मात्र कायमचा नोंदला गेला.

आजच्या व्यवस्थेत अशी बेरीज थेट पैशांत उतरते ती तीन ते सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूंच्या बाबतीत. वेतनावर एकमत झाले नाही तर प्रकरण लवादापुढे जाते, आणि लवाद संघाने मांडलेला किंवा खेळाडूने मांडलेला, यांपैकी एकच आकडा निवडतो. सरलेल्या मोसमातील कामगिरी हा त्यातील प्रमुख निकष असतो. तिथे नशिबाने मिळालेली हिट आणि कौशल्याने मिळालेली हिट सारख्याच मोजल्या जातात. संघांना मात्र त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, अशा खेळाडूला पुढच्या वर्षासाठी ठेवायचे की मोकळे करायचे हे ठरवावे लागते. ज्याला मायनर लीगमध्ये पाठवण्याचे तीनही हक्काचे मोसम संघाने वापरून टाकले आहेत, सरासरी ०.२३० च्या आसपास आहे आणि जागेवर दुसरा तरुण टपून बसला आहे, अशा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या फलंदाजासाठी सप्टेंबरमधील त्या नऊ हिटपेक्षा मोलाचे दुसरे काही नसते.